पहाटेचा एक तास

मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटरची धाव. शर्यतीच्या दिवशी हे अंतर काही तासांत संपते. तिची तयारी मात्र चार-पाच महिने चालते. आठवड्यातून चार दिवस धावायचे, त्यांपैकी एके दिवशी लांबचा पल्ला गाठायचा, अंतर हळूहळू वाढवायचे आणि उरलेल्या दिवशी शरीराला विसावा द्यायचा, असा तिचा क्रम असतो. ज्यांच्यामागे घर, नोकरी आणि मुलेबाळे आहेत त्यांनी यासाठी वेळ आणायचा कोठून? ‘पहाटे उठावे’ हे त्यावरचे ठरलेले उत्तर. पण पहाट तरी सर्वांच्या वाट्याला सारखी येते का?

वाराणसीचेच उदाहरण घ्या. सूर्योदयापूर्वी घाटांवर स्नान करणारे, पोहणारे, जोर-बैठका काढणारे पुष्कळ लोक दिसतात. तुलसी घाटावरील जुन्या आखाड्यात अलीकडच्या वर्षांत मुलीही सराव करू लागल्या आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. तरीही त्या वेळी बहुतेक घरांतील स्त्रिया पाणी भरण्यात, चहा-नाश्ता करण्यात आणि डबे भरण्यात गुंतलेल्या असतात. गावोगावचे चित्र याहून निराळे नाही.

१९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. स्त्रियांना मात्र ऑलिंपिकमधील या शर्यतीसाठी १९८४ पर्यंत वाट पाहावी लागली. एवढे अंतर स्त्रीच्या शरीराला झेपणार नाही, असा समज रूढ होता. नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या आदिवासी पाड्यावरील कविता राऊत यांनी तो आपल्या पायांनी खोडून काढला. पाण्यासाठी पायपीट करणाऱ्या या मुलीने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावण्यात कांस्यपदक मिळवले आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन पूर्ण केली.

दुसरे उदाहरण लता करे यांचे. बारामती परिसरात मोलमजुरी करणाऱ्या या साठी ओलांडलेल्या स्त्रीने २०१३ मध्ये बारामतीच्या मॅरेथॉनमधील ज्येष्ठांची तीन किलोमीटरची शर्यत जिंकली. अंगावर नऊवारी लुगडे, पाय अनवाणी आणि मनात एकच विचार : बक्षिसाच्या रकमेतून आजारी पतीच्या तपासण्या कराव्यात. पुढे त्यांच्यावर मराठी चित्रपट निघाला व त्यात त्यांनी स्वतःच स्वतःची भूमिका केली.

अशा कथा ऐकून आपण भारावतो आणि म्हणतो, ‘मनात असेल तर सारे काही जमते!’ या उद्गारात कौतुक असले, तरी एक सोयीस्कर पळवाटही आहे. घरातले सारे करून जी धावली तिचा जयजयकार करायचा. घरातले ते ‘सारे’ तिच्या एकटीच्याच माथी का, हे मात्र विचारायचे नाही. लता करे यांची धाव थोर आहे. परंतु औषधोपचारासाठी कोणाला धावावे लागू नये, ही इच्छाही तितकीच योग्य आहे.

‘बायकांना घरकामातच पुरेसा व्यायाम होतो,’ असेही म्हटले जाते. श्रम आणि सराव यांत फरक आहे. सरावात ताणानंतर विश्रांती असते आणि त्या विश्रांतीतच स्नायूंची झीज भरून निघून बळ वाढते. घरकामाला सुट्टी नसते. त्यामुळे त्यातून थकवा साठतो, तयारी होत नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे खर्च करतात. पुरुष ८८ मिनिटे. हा फरक तीन तासांहून अधिक आहे. म्हणजे उणीव जिद्दीची नसून वेळेची आहे आणि वेळ वाटून घेता येतो.

घरातील एकाने सकाळचा चहा करावा, दुसऱ्याने पाणी भरावे, मुलांनी आपापली अंथरुणे उचलावीत. एवढ्यानेही कोणाच्या तरी पदरात एक तास पडतो. त्याला ‘मदत’ म्हणू नये. घर सर्वांचे असेल तर काम हा सर्वांचाच वाटा आहे. अर्थात, घराची जबाबदारी टाकून धावणेही उचित नाही. दिलेला तास परत करण्याची तयारी धावणाऱ्यानेही ठेवली पाहिजे.

मुक्त विद्यालयात शिकणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. काम सांभाळून, मुले निजल्यावर पुस्तक उघडणे ही लांब पल्ल्याचीच धाव आहे. तीही एकदम वेग वाढवून नव्हे, तर रोज थोडे पुढे जाऊन पूर्ण होते. मात्र धावणाऱ्याच्या जिद्दीइतकाच तिच्यासाठी घरच्यांनी मोकळा ठेवलेला तासही मोलाचा असतो. आपल्या घरात असा तास कोणाला मिळतो आणि कोणाला मिळत नाही, हे प्रत्येकाने एकदा तपासून पाहावे.