दारातले पहिले झाड कागदी लिंबाचे असावे



पावसाळा तोंडावर आला की अंगणात काय लावायचं, हा विषय घरोघर निघतो. पुष्कळांना संत्र्याची हौस असते. माझे मत असे की, पहिले झाड कागदी लिंबाचेच लावावे.

एक तर संत्री आपण कधीमधी खातो, लिंबू रोज लागते. पोह्यांवर, वरणभातावर, लोणच्याला, सरबताला. 2022 च्या एप्रिलमध्ये बाजारात एकेक लिंबू दहा रुपयांना विकले गेले. उन्हाळ्यात झाडाला फळ कमी असते, म्हणून भाव चढतो. पण दारात झाड असले तर घरापुरती चार लिंबं तरी निघतात.

दुसरे कारण खर्चाचे. चांगल्या संत्र्यासाठी जंबेरीच्या खुंटावर डोळा भरलेले कलम विकत आणावे लागते. कागदी लिंबाचे तसे नाही. त्याच्या बीचे रोप बहुधा आईसारखेच निघते. गंमत म्हणजे एका बीतून कधी दोन-तीन कोंब येतात! पिकलेल्या पिवळ्या लिंबाचे बी धुऊन लगेच पेरावे. वाळवून ठेवले तर नीट उगवत नाही. रोप विकतच आणायचे असेल तर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची 'साई शरबती' जात मागावी.

काही मोठी माणसे म्हणतात, "काटेरी झाड दारात नको, घरात भांडणं होतात." मला हे पटत नाही. भांडणं माणसं करतात, झाड नाही. काटा टोचतो हे मात्र खरे, म्हणून जायच्या-यायच्या वाटेवर लावू नये.

दुसरे कोणी म्हणतात, मोरीच्या तोंडाशी लावा, म्हणजे पाणी घालायला नको. हे तर मुळीच करू नये. पाणी साचले की मुळ्या कुजतात, खोडातून डिंक गळतो. यालाच डिंक्या रोग म्हणतात. उंचवट्यावर दोन फूट खोल खड्डा घ्यावा. माती नि शेणखत घालून रोप लावावे. बुंध्याशी मातीची भर द्यावी आणि आळे बाहेरून करावे. पाणी बुंध्याला लागू देऊ नये.

कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी असते. ती पुढे हिरवी होते आणि पाने फस्त करते. रोप लहान असताना ती हाताने वेचावी. मोठ्या झाडावर दोन-चार राहू द्याव्यात, त्यांचीच फुलपाखरे होतात.

बीपासून फळ धरायला चार-पाच वर्षे लागतात. "एवढं कोण थांबणार?" असे कोणी म्हणेल. पण झाड लावले नाही तरी ती वर्षे जाणारच.

शेवटी एक विनंती. झाड लावतात सगळे, पण पाणी घालायचे काम बहुतेक घरी मुलींच्याच वाट्याला येते. आम्हांला धुणी-भांडी आधीच असतात. तेव्हा पालकहो, पाळी लावून द्या. एक दिवस ताईने, एक दिवस दादाने. लिंबाचे सरबत दोघेही पितात ना!

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी