फोन ठेवला तरी काम चालावे का?

१/ सावेडीतला एखादा विद्यार्थी रात्री पुण्यातल्या सर्व्हरवर काम लावतो, वीज जाते, जोडणी तुटते. सकाळी पाहावे तर काम अर्ध्यातच मेलेले. या मृत्यूचे मूळ टेलिफोनच्या इतिहासात आहे.

२/ युनिक्स १९६९ पासून बेल लॅब्जमध्ये घडली आणि बेल लॅब्ज ही एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची प्रयोगशाळा. दूरचा वापरकर्ता फोनच्या तारेवरून यंत्राशी जोडला जाई. तार तुटली की प्रणाली त्याच्या कामांना ‘हँगअप’ हा १ क्रमांकाचा संकेत धाडी आणि ती सहसा तिथेच संपत. एक यंत्र अनेकांत वाटलेले असताना ही शिस्त रास्तच होती. काम पुढे चालवायचे असेल, तर आज्ञेआधी ‘नोहप’ लिहावे. मग ते काम हा संकेत कानाआड करी.

३/ १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वांसाठी इंटरनेट खुले केले. तेव्हाचे ‘शेल खाते’ म्हणजे असेच फोनवरून युनिक्स यंत्रात शिरणे. चित्रे नाहीत, नुसती अक्षरे!

४/ २०१६ मध्ये सिस्टमडीच्या २३० व्या आवृत्तीने लॉगआउट होताच वापरकर्त्याची सगळी कामे, ‘नोहप’ लावलेलीसुद्धा, मारण्याचा पायंडा घातला. मागे रेंगाळणाऱ्या कामांची साफसफाई हा हेतू गैर नव्हता. परंतु विसरून राहिलेले काम आणि सांगून ठेवलेले काम यांतला भेद त्या नियमाला कळत नव्हता. डेबियनने तो फिरवला, हे योग्यच झाले.

५/ लांबचे काम लावण्यापूर्वी त्या यंत्रावर ‘किलयूझरप्रोसेसेस’पुढे ‘येस’ आहे की ‘नो’, एवढे मात्र पाहून घ्यावे.