गाडीचा भाव एक, बिलाचा आकडा दुसरा

भिवंडी, मालेगाव किंवा इचलकरंजीच्या बाजारात कापडाचा सौदा करताना आपला व्यापारी मीटरमागे अर्ध्या रुपयासाठी अर्धा तास बोलतो. दलाली, पॅकिंग, हमाली, भाडे आणि वटाव धरून माल दुकानात कितीला पडेल, हे ठरल्याशिवाय तो होकार देत नाही. हाच माणूस एक-दोन वर्षे वापरलेली मोटार किंवा शोरूमची डेमो गाडी घ्यायला जातो, तेव्हा मात्र गाडीचा भाव ठरला की सौदा झाला असे समजून बयाना देतो. खरा सौदा त्यानंतर सुरू होतो, आणि त्यात बोलतो फक्त डीलर.

समजा, गाडी ७,५०,००० रुपयांना ठरली. बयाना दिल्यावर कागद समोर येतो. नाव बदलण्याचे १२,०००, विमा २८,०००, वाढीव वॉरंटी १८,०००, रंगावरचे कोटिंग ९,०००, सीट कव्हर व मॅट ११,००० आणि फाइल चार्ज ४,५००. बेरीज ८२,५०० रुपये, म्हणजे ठरलेल्या भावावर शेकडा ११. हे आकडे आम्ही हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. परंतु कागदाचा नमुना अनेक बांधवांच्या ओळखीचा असेल. कापडाच्या धंद्यात शेकडा ११ सुटले तर आपण वर्ष चांगले गेले असे म्हणतो. इथे तेवढी रक्कम पाच मिनिटांत सहीबरोबर निघून जाते.

आमचे मत असे की, या वरखर्चावर एकेका बाबीने घासाघीस करू नये. तसे केल्यास डीलर मॅटचे दोन हजार सोडतो, ग्राहक खूश होतो आणि उरलेले ऐंशी हजार तसेच राहतात. बयाना देण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : गाडी माझ्या नावावर होऊन माझ्या दारात कितीला पडेल? हा एक आकडा सहीशिक्क्यासह कागदावर घ्यावा. मग त्या आकड्यातील प्रत्येक बाब तीन रकान्यांत टाकावी : सरकारची, गाडीबरोबर आधीच असलेली, आणि आपल्या मर्जीची.

पहिला रकाना सरकारचा. एकाच राज्यातील खासगी मोटारीच्या नावबदलाची मूळ सरकारी फी काही शेकडा रुपयांत असते. बाकीची रक्कम म्हणजे एजंटाची मजुरी. मजुरी देण्यास हरकत नाही, पण ती मजुरी म्हणून सांगावी आणि सरकारी रकमेची पावती द्यावी. गाडी परराज्यातील असेल किंवा कर्जाचा बोजा उतरवायचा असेल, तर खर्च वाढतो. तो आधी विचारून घ्यावा. जीएसटीच्या नावाने वेगळी रक्कम मागितली, तरीही सावध व्हावे. जुन्या गाडीच्या डीलरने भरावयाचा हा कर जानेवारी २०२५ पासून शेकडा १८ आहे, परंतु तो साधारणपणे डीलरच्या खरेदी-विक्रीतील फरकावर लागतो, गाडीच्या पूर्ण किमतीवर नव्हे.

दुसरा रकाना गाडीबरोबर आधीच असलेल्या वस्तूंचा. इथे अज्ञानाचे पैसे जातात. १ एप्रिल २०१९ पासून प्रत्येक नव्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लावूनच ती दिली जाते. त्यानंतरच्या गाडीवर पुन्हा नंबर प्लेटचा खर्च लावला जात असेल, तर कारण विचारावे. १ सप्टेंबर २०१८ पासून नवी खासगी मोटार घेताना तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावाच लागतो. म्हणजे एक-दोन वर्षांच्या गाडीचा हा विमा बहुधा चालू असतो. तो नव्या मालकाकडे येतो. आपण १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसीवर नाव बदलून घ्यायचे असते. कायद्याने सक्तीचा विमा एवढाच. गाडीच्या नुकसानीचा विमा घ्यावा की नाही, कोणाकडून घ्यावा, हे ठरवण्याचा अधिकार रोख खरेदीदाराचा आहे. बाहेरून दोन ठिकाणी भाव काढला की डीलरच्या आकड्यातील हवा कळते. मात्र जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, हे ध्यानात ठेवावे; त्यामुळे थोडा जादा हप्ता लागला तर ती फसवणूक नव्हे.

वाढीव वॉरंटीचेही असेच आहे. कंपनीची मूळ वॉरंटी किती महिने उरली आहे आणि नव्या मालकाला ती मिळते काय, हे आधी पाहावे. वाढीव वॉरंटी त्याच तारखेपासून सुरू होत असेल, तर आपण त्याच महिन्यांचे पैसे दुसऱ्यांदा देतो. ती गाडी बनवणाऱ्या कंपनीची आहे की डीलरने दुसऱ्याच कोणाकडून घेतलेली आहे, हेही वाचावे.

तिसरा रकाना मर्जीचा. कोटिंग, कव्हर, मॅट, पडदे, टेप. “हे तर गाडीला लावूनच ठेवले आहे, आता काढता येत नाही,” असे उत्तर येते. काढता येत नसेल तर राहू द्या, पण वापरलेल्या वस्तूला नव्याचा भाव कसा? आपल्याला ती जेवढ्या किमतीची वाटते तेवढेच द्यावे. नको असेल तर शून्य म्हणावे. समोरच्या लोखंडी गार्डचे तर एक पैसाही देऊ नये. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना अशा गार्डवर कारवाई करण्यास कळवले होते. पैसे देऊन दंड का विकत घ्यावा?

आपल्या समाजाचा एक वेगळा मसला आहे. व्याज टाळण्यासाठी अनेक बांधव कर्ज न घेता पूर्ण रक्कम भरतात. कर्ज मिळवून दिल्यास डीलरला कमिशन मिळते. ते बुडाले की तो वरखर्चातून भरून काढू पाहतो, किंवा “सूट फक्त लोनवाल्याला” असे सांगतो. तेव्हा सौद्याच्या सुरुवातीसच सांगावे की रक्कम बँकेतून एकरकमी येईल आणि भाव त्याच हिशेबाने हवा. नोटांची थैली मात्र नेऊ नये. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रोकड स्वीकारण्यास २०१७ पासून कायद्याने मनाई आहे, आणि बँकेतून दिलेल्या पैशाला पुरावा राहतो.

काही जण म्हणतील, मग डीलरने खायचे काय? त्याने नफा जरूर घ्यावा. नफा हलाल आहे. पण तो भावात घ्यावा, भाव ठरल्यानंतरच्या कागदात नव्हे. कुरआनने व्यापाराला परस्परांच्या रजामंदीची अट घातली आहे. ज्या रकमेची माहितीच दिली नाही, तिला रजामंदी कशी मिळणार? देशाचा कायदाही हेच सांगतो. एक वस्तू हवी असेल तर दुसरी घ्यावीच लागेल, या अटीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने निर्बंधात्मक व्यापारी प्रथा ठरवले आहे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर किंवा जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. त्यासाठी कागद हवा. तोंडी सौद्याला तिथे किंमत नाही.

इथे आपल्या बाजारालाही दोन शब्द सांगणे भाग आहे. चालणाऱ्या मालाबरोबर पडून राहिलेले तागे किरकोळ दुकानदाराच्या गळ्यात मारणे, “हे घेतले तरच ते मिळेल” म्हणणे, साडी ठरल्यावर न विचारता फॉल-पिकोचे पैसे लावणे, हे आणि शोरूममधले कोटिंग यांत फरक कोणता? जी गोष्ट गाडी घेताना आपल्याला जुलूम वाटते, ती आपल्या गादीवर बसून धंद्याची चलाखी होत नाही. मापात मारणाऱ्यांविषयी सूरह अल्-मुतफ्फिफीनमध्ये जो इशारा आहे, तो घेताना पुरेपूर आणि देताना कमी करणाऱ्यांनाच आहे.

सबब, गाडी घ्यायला जाताना आपली दुकानदारी घरी ठेवून जाऊ नका. पडत्याचा पूर्ण आकडा आधी, बयाना नंतर. डीलर लिहून देण्यास तयार नसेल, तर सलाम करून बाहेर पडावे. गाड्या बाजारात पुष्कळ आहेत. आणि परत आपल्या दुकानात आल्यावर पुढच्या गिऱ्हाइकालाही पूर्ण आकडा आधीच सांगावा.