राजा एकच, क्रम निराळा

चांदीचे जुने नाणे हाती आले की आपला पहिला प्रश्न ठरलेला: यात चांदी किती? स्कँडिनेव्हियाची एकोणिसाव्या शतकातली नाणी जमवू पाहणाऱ्याने हा प्रश्न सोनारावर सोडावा. उत्तर सोपे आहे. १८७५ पासूनचा एक क्रोन डेन्मार्कचा असो, नॉर्वेचा असो वा स्वीडनचा (तिथे क्रोना म्हणतात), वजन साडेसात ग्रॅम आणि शुद्ध चांदी सहा ग्रॅम. एवढ्याने कोणाचे घर भरणार?

गंमत अशी की, हे नाणे पाडले गेले तेव्हाही त्याची किंमत चांदीत नव्हती. १८७३ मध्ये डेन्मार्क आणि स्वीडनने समान चलनाचा करार केला, १८७५ मध्ये नॉर्वे त्यात आला. प्रमाण सोन्याचे, चांदीचा क्रोन म्हणजे व्यवहारातली मोड. त्या काळात चांदीचा भाव उतरत गेला आणि चांदीला बांधलेला आपला रुपया त्याबरोबर घसरला. क्रोनला त्याची झळ लागली नाही. कोपनहेगनचा क्रोन स्टॉकहोममध्ये बिनबोभाट चालत होता.

मग या नाण्यात पाहायचे काय? अक्षरे पाहा. दुसरा ऑस्कर स्वीडन आणि नॉर्वे या दोन्ही देशांचा राजा. स्वीडिश नाण्यावर तो ‘स्वीडन व नॉर्वेचा राजा’, तर कोंग्सबर्गच्या टांकसाळीतल्या नाण्यावर ‘नॉर्वे व स्वीडनचा’! पहिले नाव कोणाचे, हा मानापमान आपल्या लग्नपत्रिकांना काही नवा नाही. दोन्हीकडे त्याचे ब्रीद मात्र एकच: बंधुजनांचे कल्याण. ही बंधुता १९०५ मध्ये संपली, नॉर्वे वेगळा झाला.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. दुर्मिळ, लखलखीत नाण्यामागे पैसा ओतण्यापेक्षा झिजलेली, पण अक्षरे वाचता येणारी साधी नाणी घ्यावीत. आणि घरी आणल्यावर चिंच, राख, दंतमंजन यांपासून ती दूर ठेवावीत. चांदीवर चढलेली काळसर-निळसर छटा म्हणजे मळ नव्हे; ती घासून काढली की संग्राहकाच्या लेखी नाण्याची किंमत उतरते, आणि ते पुन्हा पूर्ववत होत नाही.

सुरुवात दोन नाण्यांनी करावी, एक स्वीडनचे, एक नॉर्वेचे. जमल्यास जोडीला १९०६ किंवा १९०७ चा स्वीडिश क्रोना ठेवावा. शतक चुकते खरे, पण त्यावर ऑस्कर नुसताच स्वीडनचा राजा आहे, आणि ब्रीद बदलून ‘स्वीडनचे कल्याण’ झाले आहे.