सर्पगंधेचा वारसा आणि आपली जबाबदारी

रक्तदाबाचा विषय निघाला की आपल्या परिषदांतून सर्पगंधेचा उल्लेख अभिमानाने होतो, आणि तो रास्तच आहे. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळीचा रक्तदाबावरील गुण प्रसिद्ध केला. १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांच्या लेखामुळे त्याकडे पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष वेधले, आणि १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी तिच्यातून रिसर्पिन वेगळे काढले. या कथेचा उत्तरार्ध मात्र आपण क्वचितच सांगतो. मंद नाडी, नाक चोंदणे, काही रुग्णांत गंभीर विषण्णता असे उपद्रव रिसर्पिनच्या वापरात नोंदले गेले. वनस्पतिज म्हणून औषध निरुपद्रवी ठरत नाही, हाही त्याच वारशाचा भाग होय.

आमच्याकडे मध्यंतरी एक गृहस्थ आले. ‘आता काढा सुरू आहे, त्या गोळ्या सोडा,’ असे त्यांना कोणी वैद्यांनी सांगितले होते. तपासले तेव्हा वरचा आकडा २०० च्या पुढे होता. त्यांना स्वतःला मात्र ‘छान वाटत’ होते. या व्याधीची खरी अडचण हीच आहे. आपले शास्त्र रुग्णाच्या लक्षणांवर भिस्त ठेवते, आणि येथे तर पुष्कळदा लक्षणच नसते. केवळ नाडीवरून रक्तदाबाचा आकडा सांगण्याचा मोह म्हणूनच घातक ठरतो. दर्शन, स्पर्शन, प्रश्न या त्रिविध परीक्षेत रक्तदाबमापकाला स्पर्शनाचा विस्तार मानण्यात कमीपणा कसला?

क्लोनिडिन किंवा ॲटेनोलोलसारखी औषधे एकाएकी बंद केल्यास रक्तदाब उसळू शकतो, हृदयशूलही उद्भवू शकतो. मात्रा कमी करायचीच असेल, तर ती मूळ चिकित्सकाशी विचारविनिमय करून, नोंदी ठेवून, क्रमाने करावी. आपल्या औषधांकडेही डोळसपणे पाहावे. ज्येष्ठमध दीर्घकाळ दिल्यास शरीरात सोडियम व पाणी साठते, पोटॅशियम घटते आणि रक्तदाब वाढतो. लवणभास्कर चूर्णातील मीठही हिशेबात धरावयास हवे.

आहार, निद्रा, व्यायाम व मनःस्वास्थ्य यांविषयी आपण रुग्णाला जे देऊ शकतो, ते मोलाचे आहे. गोळी चालू असतानाही ते देता येते. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या रुग्णापुढे आपल्या शास्त्राभिमानाचे समर्थन कोणत्या तोंडाने करणार? तेव्हा वैद्यबंधु-भगिनींनो, प्रत्येक भेटीत रक्तदाब मोजा, तो केसपेपरवर लिहा आणि मगच लेखणी उचला.