परसातला तलाव, ९४ अंशांचे पाणी



ज्यांची मुले परदेशी आहेत अशा आईवडिलांची एप्रिल-मे महिन्यांत दवाखान्यात एक ठरलेली फेरी असते. सहा महिन्यांची औषधे लिहून घ्यायची, आजारांची माहिती इंग्रजीत करून न्यायची आणि उठता उठता ‘तिकडे काय सांभाळू?’ असे विचारायचे. गेल्या वर्षी असेच एक गृहस्थ आले. वय ७४, रक्तदाबाच्या दोन गोळ्या, प्रोस्टेटची एक, आणि दोन्ही गुडघ्यांची झीज. मी त्यांना काका म्हणतो. मुलगी अमेरिकेत ॲरिझोना राज्यात, फिनिक्स शहराजवळ राहते आणि तिच्या घराच्या परसात पोहण्याचा तलाव आहे, हे ऐकून मला आनंदच झाला. छातीभर पाण्यात शरीराचा बहुतेक भार पाणीच उचलते; दुखऱ्या गुडघ्यांना याहून सुखाचा व्यायाम नाही. ‘रोज अर्धा तास पाण्यात चाला,’ असे मी सांगितले. पाणी किती गरम असते, हे विचारायचे मात्र मला सुचले नाही. पाणी म्हणजे गारवा, हे समीकरण नागपूरच्या उन्हात वाढलेल्या डॉक्टरच्याही डोक्यात पक्के बसलेले असते.

जूनच्या अखेरीस काकांचा फोन आला. ऊन उतरल्यावर, संध्याकाळी ते तलावात उतरले, अर्धा तास चालले, पायऱ्या चढून बाहेर आले आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन खुर्चीच्या कडेला कोसळले. कोपर सोलवटले, हाड मोडले नाही. ‘पण डॉक्टरसाहेब, पाणी काही गरम नव्हते. तलावातल्या थर्मामीटरवर ९४ होते. आपल्याला तर ९८ असतात!’

काकांचा हिशेब वरवर बिनचूक होता. आपण ताप फॅरनहाइटमध्ये मोजतो आणि अमेरिकेत तलावही फॅरनहाइटमध्येच मोजतात. शरीराच्या आतल्या ९८ अंशांपेक्षा ९४ कमी, म्हणजे पाणी गारच, असे कोणालाही वाटेल. परंतु शरीर ही सतत पेटती चूल आहे. तिची उष्णता त्वचेवाटे बाहेर जावी लागते आणि त्वचेचे तापमान आतल्यापेक्षा कमी, साधारण ९२-९३ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३३-३४ सेल्सिअस असते. ९४ अंशांचे पाणी त्वचेची उष्णता घेणार कुठून? हवेत निदान घाम वाळतो आणि अंग निवते. मानेपर्यंत पाण्यात असताना घाम येतो, पण वाळत नाही. आपल्याला घाम आला हे कळतही नाही. त्यात चालण्याने स्नायू आणखी उष्णता निर्माण करीत राहतात. ती साठत जाते.

बाहेर पडताना चक्कर का आली, याचे कारण निराळे आहे आणि ते प्रत्येक ज्येष्ठाने समजून घेण्याजोगे आहे. छातीभर पाण्याचा दाब पायांतले रक्त वर, छातीकडे ढकलतो. शरीराला वाटते की रक्त जास्त झाले. मूत्रपिंडे लघवी वाढवतात. शिवाय उष्णतेने त्वचेतल्या रक्तवाहिन्या सैलावलेल्या असतात. अशा स्थितीत माणूस पायऱ्या चढून बाहेर येतो, पाण्याचा आधार एकाएकी सुटतो, रक्त पायांत उतरते आणि मेंदूला क्षणभर कमी पडते. तरुणाचे हृदय चटकन वेग वाढवून हे सावरते. सत्तरीनंतर ही चपळाई कमी होते. त्यात रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या किंवा प्रोस्टेटच्या काही गोळ्या चालू असतील तर आणखीच कमी. तहानही उशिरा लागते. काकांच्या बाबतीत हे सगळे एकाच संध्याकाळी जुळून आले होते.

संधिवात किंवा गुडघ्यांच्या दुखण्यासाठी पाण्यात व्यायाम करायचा तर पाणी साधारण २८ ते ३१ अंश सेल्सिअस, म्हणजे ८३ ते ८८ फॅरनहाइट असावे. ९० च्या वर ज्येष्ठांनी चालण्याचा व्यायाम करू नये, असे माझे मत आहे. नुसते पाय सोडून बसणे निराळे.

मग तलाव गार कसा ठेवायचा? काकांच्या नातवाने दुसऱ्याच दिवशी दुकानातून बर्फाच्या पिशव्या आणून पाण्यात ओतल्या. त्याचा भाव मोठा होता, पण गणित पाहा. आहाराच्या तक्त्यात आपण जे उष्मांक मोजतो, त्यांतला एक उष्मांक म्हणजे एक लिटर पाणी एका अंश सेल्सिअसने तापवणारी उष्णता. घरगुती तलाव ५० हजार लिटरचा धरला, तर तो एका अंशाने निववायला ५० हजार उष्मांक काढून घ्यावे लागतात. एक किलो बर्फ वितळून ३० अंशांपर्यंत येईतो सुमारे ११० उष्मांक शोषतो. म्हणजे एका अंशासाठी साडेचारशे किलो बर्फ! नातवाने आणला होता वीस किलो.

आता आपला माठ आठवा. एक लिटर पाणी वाफ होऊन उडून जाताना सुमारे ५८० उष्मांक घेऊन जाते आणि त्यांतले बहुतेक उरलेल्या पाण्यातूनच घेते. त्याच तलावातले केवळ ८५-९० लिटर पाणी उडाले की बाकीचे सारे एका अंशाने निवते. माठ पाझरतो म्हणून पाणी गार होते; वाळ्याचे पडदे भिजवतो म्हणून खोली निवते; आपला डेझर्ट कूलर चालतो तो याच तत्त्वावर. फिनिक्समध्येही वातानुकूलन यंत्रे सर्वत्र होण्यापूर्वी घरोघरी असेच कूलर असत. काकांना हे सांगताच ते म्हणाले, ‘म्हणजे तलावाचा माठ करायचा!’ मला याहून नेमके शब्द सुचले नसते.

पाणी हवेत उडवले की बाष्पीभवन वाढते. तलावात गाळलेले पाणी परत सोडणारी तोंडे असतात, ती वरच्या दिशेला वळवून पृष्ठभाग खळबळता ठेवावा, किंवा त्यांवर बसणारे छोटे कारंजे लावावे. हे रात्री करावे. रात्री हवा निवलेली असते, डोक्यावर ऊन नसते आणि निरभ्र आकाशाखाली पाणी आपली उष्णता वरही फेकत राहते. पंप दुपारी चालत असेल तर त्याची वेळ बदलून रात्री दहा ते सकाळी सहा अशी करून घ्यावी; तरी दिवसाही थोडा वेळ चालू ठेवावा, नाहीतर क्लोरीन सगळीकडे नीट पोचत नाही. तापलेल्या दगडांवरून वाहणारा शोभेचा धबधबा भर दुपारी मात्र बंद असलेला बरा. दगडांची उष्णता तो तलावात आणून सोडतो.

दुसरा उपाय सावलीचा, आणि माझ्या मते तो पहिला म्हणावा इतका महत्त्वाचा आहे. तलाव तापतो तो मुख्यतः थेट उन्हाने. त्यातही उथळ बाजू लवकर तापते आणि तळ गडद रंगाचा असेल तर जास्त. सगळा तलाव झाकणे शक्य नसते, पण दुपारी एकनंतर ज्या बाजूने ऊन येते तिथे कापडी छत ताणले तरी फरक पडतो. आपल्याकडे शेतघरांवर तलाव बांधणाऱ्यांनी रोपवाटिकेतली हिरवी जाळी वापरावी. स्वस्त आहे आणि कोणत्याही कृषी केंद्रात मिळते. झाड लावू नये असे मी म्हणणार नाही, पण पानगळ उपसण्याची तयारी हवी.

तिसरी गोष्ट, तलावावर निळे, बुडबुड्यांचे प्लास्टिक आवरण असेल तर ते उन्हाळ्यात काढून ठेवावे. ते थंडीत पाणी ऊबदार राखण्यासाठी असते. ते ऊन आत घेते आणि बाष्पीभवन अडवते, म्हणजे माठाला बाहेरून रंग फासण्यासारखेच. मात्र घरात लहान नातवंडे असतील तर आवरण काढण्यापूर्वी कुंपणाचे फाटक आपोआप लागते की नाही हे पाहावे. मुलांना अडवणारी सुरक्षा-जाळी ही वेगळी वस्तू आहे. ती कधीही काढू नये.

गरम पाणी काढून नळाचे नवे भरणे हा उपाय वाळवंटी प्रदेशात निरुपयोगी ठरतो. तिथे उन्हाळ्यात नळाचे पाणीही कोमटच येते आणि पाणी मोलाचे असते. पाणी गार करणारी यंत्रे मिळतात, महाग असतात. परवडत असतील तर घ्यावीत, एवढेच.

हा माठाचा उपाय कोरड्या हवेतला आहे, हे विसरू नका. नागपूर, अकोला, जळगाव किंवा फिनिक्स इथे तो उत्तम चालतो. ह्यूस्टन, मुंबई किंवा गोव्यात हवा आधीच बाष्पाने भरलेली असते. तिथे कारंज्याने थोडासाच फरक पडतो आणि भिस्त सावलीवर व वेळेवर ठेवावी लागते. फिनिक्सलाही जुलै-ऑगस्टमध्ये दमट वाऱ्यांचा काळ येतो, त्याला तिकडेही मान्सूनच म्हणतात. तेव्हा उपाय मंदावतो. काही उन्हाळे तर सगळ्याच उपायांना पुरून उरतात. २०२३ मध्ये त्या शहरात सलग ३१ दिवस कमाल तापमान ११० फॅरनहाइट, म्हणजे ४३ सेल्सिअसच्या खाली आले नव्हते.

वेळेची चूक बहुतेक सगळे करतात. ऊन उतरले की पाण्यात जावे, असे आपल्याला वाटते, कारण हवेचा अनुभव तसा आहे. पाणी सावकाश तापते आणि सावकाश निवते. दिवसभराची उष्णता साठवून तलाव सर्वांत गरम असतो तो दुपार कलताना आणि संध्याकाळी. सर्वांत गार असतो सूर्योदयाच्या सुमारास. काका नेमक्या संध्याकाळीच उतरले होते. म्हणून उतरण्यापूर्वी थर्मामीटर पाहावा, आणि तो पृष्ठभागावर तरंगत न ठेवता दोरीने हातभर खोल सोडून पाहावा.

कोमट पाण्याचा आणखी एक दोष आहे. उष्णता आणि ऊन यांनी क्लोरीन झपाट्याने संपते आणि शेवाळ व जंतू वाढू लागतात. कानाचे संसर्ग, त्वचेवरचे पुरळ यांचे मूळ पुष्कळदा अशा पाण्यात असते. तपासणीच्या पट्ट्या मिळतात; उन्हाळ्यात रोज पाहावे. क्लोरीन दहा लाख भागांत १ ते ३ भाग आणि पीएच ७.२ ते ७.८ असावा. कारंजे लावल्यावर पीएच वर सरकतो, हे लक्षात असू द्या. क्लोरीनचा उग्र वास म्हणजे स्वच्छ पाणी, हा समज चुकीचा आहे. तो वास घाम आणि मळाशी क्लोरीनचा संयोग झाल्याचा असतो. म्हणूनच आधी अंघोळ करून उतरावे.

सांभाळणाऱ्यांसाठी थोडे. आजीआजोबांना एकटे पाण्यात सोडू नका, मग त्यांना उत्तम पोहता येत असले तरी. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटे पुरेत. उतरण्यापूर्वी एक पेला पाणी किंवा ताक द्या. हृदय वा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर मर्यादा असेल तर किती द्यायचे ते डॉक्टरांना आधी विचारा. बाहेर येताना सर्वांत वरच्या पायरीवर, पाय पाण्यात ठेवून दोन-तीन मिनिटे बसवा, मग कठडा धरून उभे करा. काठावर चपला ठेवा. मधुमेहामुळे ज्यांच्या तळव्यांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना तापलेल्या फरशीने फोड आले तरी कळत नाही. डोके दुखणे, मळमळ, अशक्तपणा वाटला की सावलीत न्या, ओल्या फडक्याने अंग पुसा, पंखा लावा. बोलणे असंबद्ध झाले किंवा शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात समजा. तोंडात पाणी ओतू नका. अंगावर पाणी मारीत राहा आणि रुग्णवाहिका बोलवा: अमेरिकेत ९११, महाराष्ट्रात १०८.

काकांच्या जावयांनी पश्चिमेला कापडी छत ताणले, कारंजे बसवले आणि पंपाची वेळ बदलली. आठवड्याभरात पहाटेचा आकडा ८६ वर आला. मी काकांची सकाळची रक्तदाबाची गोळी व्यायाम आणि न्याहारीनंतर घ्यायला सांगितली. हा बदल त्यांच्यापुरता आहे. आपल्या गोळ्यांच्या वेळा आपण आपल्या डॉक्टरांना विचारूनच बदलाव्यात, आणि विचारताना तलावाच्या पाण्याचा आकडाही सांगावा. बहुधा तेही विचारायला विसरतील.