पाचवं तिकीट

‘रविवारी सगळेच सिनेमाला जाऊ या ना!’ मुरबाडच्या घरात असं कुणी म्हटलं, की आधी मोबाइलमधला कॅल्क्युलेटर उघडतो. समजा, माणसं पाच आणि तिकीट २५० रुपये. झाले १,२५०! त्यातच १८ टक्के जीएसटी. सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झालाय खरा, पण तो १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला. त्या भावात मल्टिप्लेक्सची खुर्ची मिळते कुठे?

शहापूरकरांना निदान आसनगावहून लोकल आहे. मुरबाडला रेल्वेच नाही, म्हणजे कल्याणपर्यंत एसटी. मग इंटरव्हलला पॉपकॉर्न. घरचा डबा न्यावा, तर बाहेरचे पदार्थ अडवायचा हक्क थिएटरला आहे, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२३ मध्ये सांगून टाकलं. पिण्याचं पाणी मात्र फुकट द्यायलाच हवं. तेव्हा बिनधास्त मागा!

हिशेब दोन हजारांपुढे सरकला, की आई हळूच म्हणते, ‘तुम्ही जाऊन या रे, मला कुठे कळतं त्यातलं!’ तिला सगळं कळतं. हिशेबही कळतो.

म्हणून एवढंच करा, सकाळचा स्वस्त शो बघा, पॉपकॉर्नला सुट्टी द्या. पण पहिलं तिकीट आईचं काढा!